पन्नाशी, फेब्रुवारी आणि लांब पल्ल्याचा ट्रेक: कोणता निवडू?

सई_चालते
पुढच्या फेब्रुवारीत पन्नास पूर्ण होतील. हॉल, केक, भाषणं यात मला काडीचा रस नाही. चालायचंय. रोज सकाळी पाठीला सॅक, रोज रात्री मुक्काम वेगळा, असे आठ-दहा दिवस तरी. दोन-तीन दिवसांचे ट्रेक बरेच झालेत, पण ३००० मीटरच्या वर मुक्काम कधी केलेला नाही.

सध्या चार नावं डोक्यात आहेत: एव्हरेस्ट बेस कॅम्प, किलिमांजारो, स्पेनमधला कमिनो (सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट) आणि आल्प्समधला तूर द्यु माँ ब्लाँ (पुढे टीएमबी म्हणते, टंकायला सोपं). रोज रात्री एक व्हिडिओ बघते आणि सकाळी मत बदललेलं असतं.

अडचणी दोन. नवऱ्याला सोबत यायचंय आणि त्याचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. दुसरं म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी मी ट्रेकवरच असावं असा माझा हट्ट आहे. हट्ट कसा चुकीचा आहे हेही बिनधास्त लिहा. फक्त ‘वयाला झेपेल असं बघा’ एवढं नको, ते घरी भरपूर मिळतंय.

डोंगरयात्री
ईबीसी, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प. विषय संपला. विमान उतरतं ते लुक्ला (२८६० मी.) ते बेस कॅम्प (५३६४ मी.) जाऊन-येऊन साधारण १३० किमी, १२ ते १४ दिवस. वाट मळलेली, मुक्कामाला लॉज, दोरबीर काही लागत नाही. फेब्रुवारीत थंडी मजबूत असते, पण आकाश बहुतेक वेळा स्वच्छ आणि वाटेवर गर्दी नाही. हट्टातही बसतं.

झोपाळू
फेब्रुवारीत गोरकशेपला, म्हणजे बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, रात्री पाण्याची बाटली, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि फोन असं सगळं स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपावं लागतं, नाहीतर सकाळी बाटलीत बर्फ आणि बॅटऱ्या मेलेल्या. पन्नासाव्या वाढदिवसाच्या रात्री अंथरुणात इतकी गर्दी चालणार असेल तर जरूर जा.

विदा_हवा
आधी कॅलेंडर, मग नावं. टीएमबीचा हंगाम साधारण मध्य जून ते मध्य सप्टेंबर. फेब्रुवारीत खिंडींवर बर्फ आणि डोंगरातली मुक्कामाची रेफ्यूजं बंद, म्हणजे बाद. कमिनो तेव्हा चालता येतो, पण फ्रान्समधल्या सेंट-जाँपासून पिरेनीज ओलांडणारी वरची नेपोलियन वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. खालून, दरीतून जावं लागतं आणि वाटेतली बरीच आल्बेर्गंही (यात्रेकरूंच्या धर्मशाळा) हिवाळ्यात बंद असतात. कुणी पेरूतली इन्का ट्रेल सुचवायच्या आत सांगतो, ती फेब्रुवारीचा पूर्ण महिना बंद असते. किलिमांजारोला जानेवारी-फेब्रुवारी चांगले, कोरडे महिने. आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा, त्यामुळे न्यूझीलंडचा मिलफर्ड ट्रॅक चालू असतो. पण तो ५३.५ किमी, चार दिवसांत संपतो. शिवाय आरक्षण कित्येक महिने आधी उघडतं आणि बघता बघता भरतं.

म्हणजे तारीख धरून बसलात तर तुमच्या चारातली ईबीसी आणि किली ही दोनच नावं धड उरतात. दोन्ही जास्त उंचीची, आणि नेमका तोच अनुभव तुमच्याकडे नाही. निवड तुम्ही करत नाही आहात, फेब्रुवारी करतोय.

पायपीट
शेवटच्या वाक्याला +१.

किली मी तर यादीतूनच काढेन. डोंगर वाईट नाही, पण ताईंनी जे मागितलंय ते तिथे मिळत नाही. किली म्हणजे शिखराचा कार्यक्रम: सगळा प्रवास एका रात्रीसाठी. मध्यरात्री उठायचं, हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याचे बूट बघत वर जायचं, सूर्योदयाला पाटीपाशी फोटो आणि खाली. ज्यांना शिखर हवंय त्यांनी जावंच. ‘रोज चालायचंय’ म्हणणाऱ्याचा तो ट्रेक नव्हे. ईबीसीवरही, खरं सांगायचं तर, चालण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं असतं. दुपारपर्यंत मुक्काम गाठायचा आणि उरलेला दिवस शरीर उंचीला सरावेपर्यंत लॉजमध्ये शेगडीभोवती बसून काढायचा. काहींना ते फार आवडतं. मला नाही आवडत.

रानवारा
पेशाने डॉक्टर आहे म्हणून उंचीबद्दल लिहितो. बेस कॅम्पच्या उंचीवर ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. नेहमीचा दंडक असा की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. ईबीसीच्या बऱ्या आखणीत हे बसतं. वाटेतल्या नामचेला (३४४० मी.) दोन रात्री ठेवतात त्या बाजारहाटासाठी नव्हे. किलीवर शेवटच्या टप्प्यात बाराफू कॅम्प (४६७३ मी.) ते शिखर (५८९५ मी.) हा १२०० मीटरचा चढ एका रात्रीत असतो. म्हणून तिथे पाच-सहा दिवसांची स्वस्तातली आखणी टाळून सात-आठ दिवसांची घ्यावी.

तुम्ही किती तंदुरुस्त आहात यावरून उंची सोसेल की नाही हे कळत नाही. धावणारे तरुण डोकं धरून बसतात आणि सावकाश चालणाऱ्या आजीबाई वर पोचतात, कारण त्या सावकाश चालतात. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून. डोकेदुखी वाढतेय, चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय असं झालं तर खाली उतरणं हाच उपचार. सकाळची वाट बघायची नाही.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिणार नाही. या वयात पाळी अनियमित होते, रक्तस्राव वाढतो आणि हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जातं. जिना चढताना दम लागला की बायका ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. कोणताही ट्रेक ठरवा, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. कमी निघालं तर भरून यायला काही महिने लागतात, हे धरून तपासा.

खवचट_काका
पन्नाशी आली की सगळ्यांना डोंगर का आठवतात, यावर एखादा वेगळा धागा काढावा म्हणतो. पंचेचाळीस ते पंचावन्न या दहा वर्षांत ट्रेकिंगच्या बुटांचा खप बघा एकदा.

नलूमावशी
काका, आठवू देत की. एमा गेटवूड बाईंना तर सदुसष्टाव्या वर्षी आठवले. १९५५ साली त्या अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल एकट्या चालल्या, ३००० किमीच्या वर. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. अकरा मुलांची आई. तंबू नव्हता, पावसासाठी प्लास्टिकचा पडदा. आदल्या वर्षी प्रयत्न फसला होता, तरी परत गेल्या. त्यापुढे आपण बुटांच्या ब्रँडवर शंभर प्रतिसाद लिहितो.

सई, तुझ्या हट्टाविषयी. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या थोरोंग ला खिंडीत (५४१६ मी.) हुदहुद चक्रीवादळामुळे अवेळी बर्फ कोसळलं आणि त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत भरवशाचा महिना मानतात बरं का. तिथे काय चुकलं यावर खूप लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. पण ज्याच्याकडे एकही मोकळा दिवस नसतो, तो ढग बघूनही पुढे जातो. आता त्यात वाढदिवसाची तारीख घाल. घरचे सगळे फोटोची वाट बघणार, तूही मनात ठरवलेलं असणार की अमुक दिवशी अमुक ठिकाणी. मग डोकं दुखत असलं तरी तू सांगशील का? लुक्लाची विमानं तर ढग आले की उडतच नाहीत, एक-दोन दिवस सहज जातात. म्हणजे वाढदिवस धावपट्टीशेजारच्या बाकड्यावर.

सई_चालते
सगळ्यांचे आभार. रानवारा, तपासणी याच आठवड्यात करते. दम लागतोच, आणि मी अगदी तेच म्हणत होते.

हट्टाचं खरं कारण सांगते. तारीख सोडली की ‘बघू, या वर्षात कधीतरी’ होतं आणि मग ते वर्ष जातं. चाळिशीचं तसंच झालं, कामं निघाली, आजारपणं निघाली. तारखेला धरून ठेवलं तर कुणाला हलवता येणार नाही, एवढाच हिशेब होता. उंचीवर जाण्याची हौस म्हणाल तर ती डोंगरयात्रींइतकी नाही. आणि पायपीट म्हणतात तसं, मला खरोखर चालायचंच आहे.

विदा_हवा
मग तुम्हाला वाढदिवसाची तारीख नकोय, मागे घेता न येणारी तारीख हवीय. ती आरक्षणाचीही असू शकते. आगाऊ पैसे भरलेली रेफ्यूजं, सुटीचा मंजूर अर्ज आणि विमानाचं तिकीट, यापुढे ‘बघू’ टिकत नाही.

आता आकडे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. टीएमबी सुमारे १७० किमी आणि एकूण चढ सुमारे १०,००० मीटर. म्हणजे अंतराचे ३४ तास, चढाचे जवळपास १७, एकूण ५१. हे धडधाकट, न थांबता चालणाऱ्याचं गणित. आपल्यासारख्यांनी एक तृतीयांश वाढवावं: ६८ तास. ११ दिवसांत वाटलं तर रोज सहा तासांच्या वर निव्वळ चालणं, विश्रांती, फोटो आणि वाट चुकणं वेगळं. झेपेल का? तुमचे दोन-तीन दिवसांचे ट्रेक असेच असतील तर हो, पण सलग अकरा दिवस हा प्रकार वेगळा आहे. ज्यांना तो नुसता धावत पुरा करायचाय त्यांच्यातले अव्वल २० तासांच्या आत करतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथे ती शर्यत असते, त्या सुमारास मुक्कामाला जागा मिळणं मुश्कील.

नलूमावशी
आणि ते वर्तुळ आहे हे विसरू नका. १०,००० चढ म्हणजे १०,००० उतार. नेस्मिथबुवांनी उताराचं काही धरलेलं नाही, गुडघे धरतात.

डोंगरयात्री
नर्मदा परिक्रमेचं नाव अजून कुणीच घेतलं नाही? लांब पल्ला म्हणजे तो.

पायपीट
घेतलं असतं, पण पायी परिक्रमेला कित्येक महिने लागतात. ताईंच्या सुटीत बसणार नाही. आणि ती वाढदिवसासाठी करायची गोष्ट आहे असं मला वाटत नाही.

उरले कमिनो आणि टीएमबी. दोन्हीकडे जाऊन आलोय म्हणून जरा सविस्तर.

जोडीदाराचा गुडघा हा अडचणीपेक्षा निवडीचा निकष समजा. ईबीसीवर एकाचा गुडघा गेला की दोघांचा ट्रेक गेला, कारण तिथून परत यायचं तर चालत, घोड्यावर नाहीतर हेलिकॉप्टरने. कमिनोवर दर काही किलोमीटरवर गाव. एकाने बसने पुढे जावं, दुसऱ्याने चालत यावं, संध्याकाळी भेट. सॅक पुढच्या मुक्कामी पाठवायचीही सोय असते. फ्रेंच वाट पूर्ण केली तर ७८० किमीच्या आसपास, महिना-सव्वा महिना. पण लेओनपासून सांतियागोपर्यंत सुमारे ३१० किमी केलं तर दोन आठवड्यांत बसतं. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर पायी शेवटचे १०० किमी पुरतात, म्हणून सारियापासून पुढे एकदम जत्रा सुरू होते. २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष तिथे पवित्र वर्ष मानतात. २०२७ तसं आहे, तेव्हा गर्दी नको असेल तर ते टाळा. कमिनोचा एक दोष कुणी सांगत नाही: बराच भाग डांबरी रस्त्याच्या कडेने आणि सपाट आहे. मेसेताचं पठार काहींना ध्यानासारखं वाटतं. मला तिथे डांबर आणि माझे फोड एवढंच आठवतं.

टीएमबी म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, दिवसाला एक खिंड चढायची आणि पलीकडच्या दरीत उतरायचं. सर्वांत उंच जागा, तीही पर्यायी वाटेवर, २६६५ मीटर आणि झोपायचं त्याच्या बरंच खाली, त्यामुळे उंचीची भानगड जवळपास नाही. ले कोंतामिन, कुर्मायर, ला फुली, शाँपे ही वाटेतली गावं बस किंवा रेल्वेने जोडलेली आहेत. काही चढ-उतार केबलकारने वाचतात. तिन्ही देश शेंगेनमध्ये, व्हिसा एकच. साहेबांनी तीन दिवस चालावं, दोन दिवस दरीत कॉफी प्यावी, असं सहज जमतं.

रेफ्यूज म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे नंतर भांडण नको. दारातच बूट काढून फळीवर ठेवायचे आणि तिथल्या रबरी चपला पायात अडकवायचे. वीस जणांची सलग गादी असू शकते. ब्लँकेट मिळतं, पण आत घालायची पातळ रेशमी खोळ आपली आपण न्यायची. गरम पाणी मोजून. नऊ-साडेनऊला दिवे बंद. कानात घालायचे बोळे विसरलात तर पहाटेपर्यंत शेजारच्या देशाचं घोरणं ऐकाल.

खवचट_काका
हे वाचून मीच टीएमबीला निघालोय. घोरणारा शेजारी म्हणून.

सई_चालते
काका, तारखा आधी कळवा, त्या सोडून बाकीच्या घेते.

ठरलं. टीएमबी. घरी विचारलं, तर साहेब केबलकारचं नाव ऐकताच तयार. सप्टेंबरचा पहिला आठवडा कसा? गर्दी कमी म्हणतात.

विदा_हवा
एकट्याला उत्तम, तुमच्या बाबतीत थांबा. फ्रान्सच्या बाजूच्या शामोनीहून इटलीतल्या कुर्मायरला जाणारी बस माँ ब्लाँ बोगद्यातून जाते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो बोगदा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंत दुरुस्तीसाठी बंद होता. तुमच्या वर्षीचं वेळापत्रक बघा, नाहीतर साहेब डोंगराच्या एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. मी जुलैचा दुसरा पंधरवडा घेईन. जूनअखेरपर्यंत खिंडींच्या सावलीच्या बाजूला कडक बर्फ राहू शकतं, मध्य जुलैपर्यंत बहुतेक गेलेलं असतं. दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघून दोनच्या आत खिंड उतरायची.

आरक्षण आदल्या वर्षीच्या शरदापासून उघडायला लागतं, प्रत्येक रेफ्यूजचं वेगवेगळ्या तारखेला. जिथे आसपास पर्याय कमी तिथलं आधी पकडा: इटलीच्या बाजूचं एलिसाबेत्ता, मग बोनात्ती. त्या दोन रात्री पक्क्या झाल्या की बाकीच्या त्यांच्या मागेपुढे बसवा. वाढदिवसाची वाट बघत बसलात तर फेब्रुवारीत चांगल्या जागा गेलेल्या असतील.

नलूमावशी
तयारीचं मी सांगते. सगळे चढ चढून तयारी करतात, तू उताराची कर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. पायरीवर एका पायावर उभी राहा. दुसऱ्या पायाची टाच तीन-चार सेकंद घेत खालच्या पायरीला नुसती टेकव, भार टाकू नको, आणि परत वर. उभ्या पायाचा गुडघा आत वळता कामा नये, तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. साहेबांनाही करायला लाव, मात्र त्यांनी आधी फिजिओला दाखवून. दोन काठ्या दोघांनाही हव्यात, आणि उतारावर त्या थोड्या लांब करायच्या.

आठवड्यातून एकदा लांब चालण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ चाल, भरलेली सॅक घेऊन. दुसऱ्या दिवशी दुखत्या पायांनी चालणं हाच खरा सराव. बूट अर्धा नंबर मोठे. उतरताना नाडी घोट्यापाशी गाठ मारून आवळायची, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही आणि नखं काळी पडत नाहीत. निघायच्या दोन-तीन दिवस आधी नखं काप, आदल्या रात्री नको. फोड यायच्या आधी तिथे गरम वाटतं, त्याच क्षणी थांबून टेप लाव. पुढच्या वळणावर नाही, तिथेच.

सई_चालते
वाचनखूण साठवली. जुलैचा दुसरा पंधरवडा, शामोनीजवळच्या ले झुशहून घड्याळाच्या उलट दिशेने, अकरा दिवस अधिक दोन राखीव. हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं, गोळ्या सुरू झाल्या. रानवारा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तशीच निघाले असते. फेब्रुवारीत काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, बहुधा सॅक भरून दिवसभर एखादा लांब चढ-उतार.

शेवटचा प्रश्न. दहाव्या दिवशी त्रे-ल-शाँच्या वर लोखंडी शिड्या आहेत असं वाचलं. मला चढाची भीती नाही, पण पायाखाली पोकळी दिसली की माझे हात घामेजतात. साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

पायपीट
आहेत, एकापाठोपाठ एक. पक्क्या बसवलेल्या, धरायला कठडेही आहेत, पण उघड्यावर आहेत आणि ओल्या असल्या तर निसरड्या. तुमच्या दिशेने जाताना त्या चढायच्या असतात, ते उतरण्यापेक्षा बरं. नकोच असतील तर कोल दे मोंतेहून वर जाणारी वाट घ्या. शिड्या पूर्ण टळतात, लाक ब्लाँचं तळंही त्याच बाजूला आहे, आणि पुढे ला फ्लेजेरला दोन्ही वाटा एक होतात. पाऊस असेल तर शिड्यांची आवड असणाऱ्यांनीही हीच घ्यावी.